आधी बघ, मगे नाव

मला माशी ओळखायला शिकवली ती एका चित्रकारानं. कीटकशास्त्र प्राध्यापकांनी शिकवलं, पुस्तकांनी शिकवलं, आणि त्यांचंही ऋण मी मानते. पण सूक्ष्मदर्शकाखाली माशी ठेवली की माझे डोळे आजही ज्या वाटेनं फिरतात ती वाट त्या चित्रकारानं, म्हणजे काकांनी, पाडून दिलेली आहे. आधी चेहरा, मग छातीची पाठ, पाठीवरचे राठ केस, मग पंख, आणि पोट सगळ्यात शेवटी. पोटावरची नक्षी पहिल्यांदा डोळ्यांत भरते आणि बाकीचं बघू देत नाही, म्हणून तिला शेवटचा नंबर, असं ते सांगत.

काकांचं नाव इथं लिहीत नाही. विभागाच्या अहवालात आकृत्यांखाली त्यांचं नाव यावं म्हणून मी एकदा हट्ट धरला होता, तेव्हा ते म्हणाले, "माझा नाव रवांदे गो. माशीचा नाव नीट घाल." ते मूळचे सावंतवाडीकडचे. कामाचं बोलणं पुस्तकी मराठीत चाले, पण काही मनापासून सांगायचं असलं की मालवणी येई. मी देवगडची, त्यामुळे माझ्या वाट्याला मालवणी जास्त आली.

माझा विषय होता हापूसवरची फळमाशी. देवगडात वाढलेल्या मुलीला ती काही नवी नव्हती. वरून पिवळाधमक, घमघमणारा आंबा कापावा आणि कोयीजवळ पांढऱ्या अळ्या वळवळाव्यात, हे आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस, पहिला पाऊस पडून गेल्यावर, ठरलेलं. आजी ती फोड गुपचूप बाजूला करायची, पाहुण्यांसमोर तर नक्कीच. बाबा पडलेले आंबे वेचून खोल खड्ड्यात पुरायला लावायचे. अळी फळातून बाहेर पडून मातीत शिरते आणि तिथे कोष करते, म्हणून. पूर्ण वाढलेली अळी अंगाचं कडं करून टुणकन उडी मारते, हा आम्हा पोरांचा खेळच होता. ही सगळी "आंब्यातली माशी" आमच्या लेखी एकच. महाविद्यालयात आल्यावर कळलं की एकाच बागेत, एकाच सापळ्यात तीन-तीन जातींच्या माश्या शेजारी शेजारी मरून पडलेल्या असतात.

त्या काळी शेतीच्या काही संस्थांत कीटकशास्त्राच्या हाताशी चित्रकार असे. ही परंपरा जुनी आहे. बिहारमधल्या पुसाच्या संशोधन संस्थेत कीटकांची चित्रं काढणारे भारतीय चित्रकार होते, आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी हॉलेट यांच्या साहाय्यानं लिहिलेलं 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हे 1909चं जाडजूड पुस्तक त्या काळच्या चित्रांमुळे आजही उघडावंसं वाटतं. काका त्याच वाटेवरचे. उत्तरेकडच्या खिडकीखाली त्यांचं टेबल. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा जोडलेला, म्हणजे एक काचेचा लोलक आणि आरसा. त्यातून बघितलं की खालची माशी आणि कागदावरची पेन्सिल एकाच वेळी दिसते, आणि बाह्यरेषा जशीच्या तशी उतरते. मग बारीक निब, काळी शाई, आणि सावलीसाठी ठिपके. फक्त ठिपके. रेघोट्यांची सावली माशीवर केसासारखी दिसते आणि बघणारा फसतो, म्हणून ती त्यांना चालत नसे.

मी त्यांच्याकडे गेले ते प्रबंधासाठी चार आकृत्या काढून घ्यायला. त्यांनी माशी भिंगाखाली सरकवली, तिच्या टाचणीवरची चिठ्ठी काढून मुठीत धरली आणि म्हणाले, "तुका काय दिसता ता सांग. काय आसा ता मगे."

चिठ्ठीवर गाव, तारीख, कुठल्या फळातून आली, कोणी पकडली, एवढं असतं. चिठ्ठीशिवाय नमुना कवडीमोलाचा, हे तेच पुढे रोज सांगायचे, आणि चिठ्ठी लिहायला त्यांनीच मला शिकवलं, मुंगीच्या अक्षरात आणि न पुसणाऱ्या शाईत. पण बघताना मात्र ती झाकायची. आंब्यातून आली म्हटलं की डोळे आंब्याची माशी शोधतात. कारल्यातून आली म्हटलं की कारल्याची. म्हणून त्या दुपारी मी नाव न घेता बोलत राहिले आणि ते ऐकत राहिले.

काय काय होतं त्या माशीत! घरमाशीएवढीच, पण बांधा वेगळा, कमरेशी आवळलेली. माश्यांना पंखांची एकच जोडी. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक दांड्या, टोकाला गाठ असलेल्या, उडताना तोल सांभाळणाऱ्या. एवढं माझं पाठ होतं. पण पंखाच्या पुढच्या कडेजवळची एक शीर वर जाता जाता एकदम काटकोनात वळते आणि कडेपाशी विरून जाते, आणि पंखाच्या बुडाशी असलेल्या एका लहान कप्प्याचं खालचं टोक लांब, अणकुचीदार होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. या दोन गोष्टी दिसल्या की माशी फळमाश्यांच्या कुळातली. केळ्यावर घोंघावणारी चिलटं, कचऱ्यावरच्या निळ्या माश्या, सगळ्या तिथेच बाजूला होतात. शृंगिकांच्या वरून कपाळावर एक उलट्या कमानीची शिवण दिसली. काकांनी सांगितलं, कोषातून बाहेर यायच्या वेळी माशी कपाळातून एक फुगा फुगवते, त्यानं कोषाचं झाकण उडवते, मातीतून वाट काढते, आणि मग फुगा आत ओढून घेते. शिवण तेवढी जन्मभर राहते. हे ऐकून मी भिंगावरून मान वर काढली आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतंस? तिच्याकडे बघ."

मग जातीकडे. चेहऱ्यावर दोन काळे गोल ठिपके, छातीची पाठ काळी, दोन्ही बाजूंना पिवळ्या पट्ट्या, छातीच्या शेवटी पिवळा अर्धगोल, ज्याला काका ढाल म्हणत. पंखाच्या पुढच्या कडेनं टोकापर्यंत सलग गेलेली तपकिरी किनार. पोटावर काळा टी. ही बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, हेंडेलनं 1912 साली फॉर्मोसातून, म्हणजे आजच्या तैवानमधून, वर्णन केलेली, आणि आमच्या आंब्याची मुख्य वैरीण. तिच्या शेजारी काकांनी दुसरी ठेवली. तिची किनार मधेच तुटलेली, पंखाच्या टोकाला फक्त एक तपकिरी ठिपका, आणि अंग विटकरी. ही झोनाटा. तिसरीच्या पंखावरही तसाच तुटका ठिपका, पण पाठ काळी. आता हिला काय म्हणायचं? काकांनी काही न बोलता माशी थोडी फिरवून चेहरा समोर आणला. चेहऱ्यावरचे काळे डाग गोल नव्हते, आडवे ओढलेले होते, जवळजवळ एकमेकांना भिडलेले. ही करेक्टा, पेरूवर हमखास सापडणारी, इटलीच्या मारियो बेझ्झी यांनी 1916 साली नोंदवलेली. त्यांनीच त्याआधी, 1913 साली, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या फळमाश्यांवर मोठा प्रबंध लिहिला होता. कलकत्त्यातल्या टाचणीवरच्या माश्या आणि इटलीतला माणूस. त्यानं लिहून ठेवलं म्हणून शतक उलटायच्या बेतात असताना कोकणातल्या एका मुलीला पेरूतली माशी आंब्यातल्या माशीपासून वेगळी काढता आली. हेही एक देणंच आहे माझ्यावर.

राठ केसांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. माश्यांच्या अंगावरचे मोठे केस वाटेल तिथे उगवत नाहीत. कुठल्या जागी, किती, कुठल्या बाजूला झुकलेले, हे जातीगणिक ठरलेलं असतं, आणि कीटकशास्त्रज्ञांनी त्या प्रत्येक जागेला नाव दिलेलं आहे. काकडी-कारल्यावरची कुकुरबिटी आणि तिची बहीण टाऊ, या दोघींच्या पाठीवर बाजूच्या दोन पट्ट्यांखेरीज मधोमध तिसरी पिवळी पट्टी असते. दोघींना वेगळं काढायचं तर कुकुरबिटीच्या पंखात बाहेरच्या आडव्या शिरेवर धुरकट डाग, आणि ढालीच्या कडेला साधारणपणे दोन केस; टाऊच्या पंखात तो डाग नाही, ढालीवर चार केस. पण सापळ्यातल्या माश्या ओल्या होतात, एकमेकींवर घासतात, वाळतात, केस गळून जातात. मग मोजायचं काय? काका म्हणायचे, केस गेला तरी त्याचा खड्डा राहतो. प्रकाश एका बाजूनं खाली आण, माशी कलती कर, आणि खड्डे मोज. दिवा जरासा हलवला की गुळगुळीत वाटणाऱ्या पिवळ्या ढालीच्या कडेला बारीक, गोल, कड असलेले खड्डे उठून दिसायचे. किती साधी युक्ती! त्यानंतर "नमुना खराब आहे" असं म्हणून मी फारशा माश्या फेकल्या नाहीत.

त्यांच्याकडे चित्र काढून घ्यायला गेलेली मी स्वतःच काढायला बसले. त्यांनी तसं सुचवलंही नाही, एक दिवस नुसता कागद पुढे केला. हाताला वळण नव्हतं, पण चित्र सुंदर व्हावं अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. जे काढता येत नाही ते अजून दिसलेलं नाही, एवढाच त्यांचा हिशेब. छातीचा वरचा भाग काढताना दोन केसांमध्ये किती अंतर हे कागदावर मांडावंच लागतं. शब्दांत "जवळ जवळ" लिहून सुटता येतं, पेन्सिलीला सुटता येत नाही. आमच्या ओळख-पुस्तकांत प्रश्नांच्या जोड्या असतात: किनार सलग आहे की तुटलेली, पट्टी मधली आहे की नाही, एकेक उत्तर देत पायरी पायरीनं खाली उतरायचं आणि नावापर्यंत पोचायचं. काका प्रत्येक जोडीची दोन चित्रं माझ्याकडून काढून घेत, मगच पुढच्या जोडीला हात लावू देत.

तुळशीची गोष्ट सांगायलाच हवी. एका सकाळी ते मला बागेत घेऊन गेले, तुळशीची मूठभर पानं तळहातावर चुरडली, एका फांदीवर ठेवली आणि बाजूला उभे राहिले. थोड्या वेळात एक माशी आली, मग आणखी, मग पानांवर दाटी झाली. पंख पसरून, कलते करून त्या पानं चाटत होत्या. सगळे नर. तुळशीत मिथाइल युजेनॉल असतं, आणि आंब्यावरच्या या माश्यांच्या नरांना त्याचं विलक्षण आकर्षण. हे हॉलेटनं पुसाला 1915 साली दाखवून दिलं, त्यावरच पुढे जगभरचे सापळे उभे राहिले, आणि आमच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळाही त्याच वासावर चालतो. मला काकांनी त्यातली दुसरी बाजू दाखवली. सापळ्यात नरच येतात, तेव्हा नुसत्या सापळ्यावर शिकलेल्याला माशीण ओळखता येत नाही. आणि फळात अंडी घालते ती माशीण. तिच्या पोटाच्या टोकाला नळी असते, बरेच जण तिला नांगी समजतात. म्हणून किडके आंबे आणून, वाळू घातलेल्या बरण्यांत ठेवून, तोंडाला मलमल बांधून माश्या वाढवायच्या. आणि बाहेर आल्या की लगेच मारायच्या नाहीत. नुकती निघालेली माशी फिकट, मऊ असते. साखर-पाणी देऊन तिला काही दिवस जगवलं तरच खरा रंग चढतो. ही सवय त्यांनी मला इतकी लावली की पुढे कोणीही रंगावरून जात सांगितली, तर माशी किती दिवसांची होती हा प्रश्न माझ्या तोंडून आधी येतो.

2014 साली त्या शिकवणीचं मोल मला बाहेरच्या जगात कळलं. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या भाज्या-फळांच्या 207 खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, म्हणून युरोपीय संघानं 1 मेपासून आपल्या आंब्यांना आणि चार भाज्यांना दार बंद केलं. ऐन हंगामात! बाबांच्या बागेतल्या पेट्या त्या वर्षी स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाला गेल्या. अमेरिकेसाठी लासलगावला किरणांची प्रक्रिया 2007पासून होती, जपानसाठी बाष्पाची. युरोपसाठी गरम पाण्याचा मार्ग काढावा लागला, आणि 2015च्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठली. मी तेव्हा निर्यातीच्या तपासणीशी संबंधित काम करत होते. फळ कापलं की अळी मिळते, आणि अळीच्या अंगावरून जात सांगणं फार अवघड. तिला ना पंख, ना राठ केस, ना चेहऱ्यावरचे ठिपके. घाईच्या त्या दिवसांत लोक अळी बघून डोळे मिटून नाव सांगत होते. मी बरण्या मांडल्या. वाळू घातली, मलमल बांधली, आणि माश्या निघेपर्यंत थांबायला लावलं. त्याबद्दल मला बोल लागले, पण कुठल्या तालुक्यातून कुठली जात येते याचा कागद आमच्याकडे तयार झाला, आणि सापळ्यात कुठला गंध घालायचा हे त्यावरून ठरलं. कुकुरबिटी मिथाइल युजेनॉलकडे ढुंकूनही बघत नाही, तिला क्यू-ल्यूर हा दुसरा गंध लागतो. नाव चुकलं तर सापळा रिकामा राहतो आणि वेल किडतो.

आणि मग आली ती 2015चीच दुसरी बातमी. केनियात 2003 साली एक नवी फळमाशी सापडली होती, आफ्रिकेच्या आंब्याचा तिनं फडशा पाडला. 2005 साली तिला इन्व्हाडेन्स हे वेगळं नाव मिळालं. आग्नेय आशियातली पपई-केळ्यांवरची पपाये आधीपासून वेगळी मानलेली होती. पाठीचा रंग, पट्ट्यांची रुंदी, अशा खुणांवर या जाती उभ्या होत्या. अंगलक्षणं, जनुकं, गुणसूत्रं, मीलन, गंध, असा वीस वर्षांचा पुरावा एकत्र मांडून देशोदेशीच्या अभ्यासकांनी त्या वर्षी एका निबंधात सांगितलं की या सगळ्या डॉर्सॅलिसच आहेत. सगळ्यांना ते पटलं असं नाही, वाद राहिला. पण तो निबंध वाचताना माझ्यासमोर काकांचा एक कागद उभा राहिला. देवगडच्या आंब्यांच्या एकाच बरणीतून निघालेल्या माश्यांच्या पाठी त्यांनी एका ओळीत काढल्या होत्या. पहिली कुळकुळीत काळी, मग काळ्यात तपकिरी झाक, मग अर्धी तपकिरी, शेवटची जवळजवळ पूर्ण विटकरी. सगळ्या पूर्ण रंग चढलेल्या, साखर-पाण्यावर जगवलेल्या. खाली फक्त बरणीची तारीख. प्रबंधात एकच आदर्श पाठ असावी असं मला सांगण्यात आलं होतं. काकांनी तसं चित्र काढायला नकार दिला. "एका आवशीची पोरां तरी एक रंगाची असतत काय?" असं ते म्हणाले होते. अंगावरच्या खुणांवरून जात ओळखायची तर कुठली खूण जातीची आणि कुठली एकट्या माशीची हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरतं ओळीनं पुष्कळ माश्या बघूनच. हे काकांना कुठल्या निबंधानं सांगितलं नव्हतं. त्यांनी ठिपके टाकत टाकत बघितलं होतं.

मी तो निबंध घेऊन त्यांच्या घरी गेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. निबंध इंग्रजीत, म्हणून मी एकेक मुद्दा सांगत गेले. त्यांना आकृत्या बघायच्या होत्या. आलेखच जास्त आहेत म्हटल्यावर थोडे हिरमुसले. मग विचारलं, रंगाच्या तक्त्यात त्यांनी कुठल्या कुठल्या देशाच्या माश्या घेतल्या, आणि पुरेशा घेतल्या का. त्या प्रश्नावर आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत होतो. त्यांनी निवृत्तीचं, आजाराचं, विभागानं चित्रकाराचं पद पुन्हा भरलं नाही त्याचं, काहीच काढलं नाही. निघताना मात्र म्हणाले, "पोरांका रंगवूक नको शिकवू, बघूक शिकव."

आता ते नाहीत. त्यांच्या मुलीच्या परवानगीनं मी त्यांची चार चित्रं घेऊन बागायतदारांसाठी एक तक्ता केला: डॉर्सॅलिस, झोनाटा, करेक्टा, कुकुरबिटी. मोठ्या आकारात, मराठीत, प्रत्येक माशीचा चेहरा, पाठ आणि पंख वेगवेगळे. गेल्या पावसाळ्यात तो मी कुडाळजवळच्या एका महिला बचत गटाला दिला. काकडी, पडवळ, कारल्याचे मांडव त्या करतात आणि क्यू-ल्यूरचे सापळे लावतात. सोबत एक भिंगही दिलं. श्रावणात गेले तर गटातल्या एका बाईनं काड्यापेटी पुढे केली. आत कापसावर माश्या. म्हणाली, "ताई, ही तुमच्या तक्त्यात नाय. मधली पट्टी आसा, पण पंखातलो डाग नाय." तिनं भिंगातून ढाल बघितली होती, आणि चार केस मोजले होते. एकीचे दोनच केस शिल्लक होते, तर दिवा तिरका धरून तिनं खड्डे शोधले होते. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

टाऊचं चित्र काकांनी काढलेलं नाही. तक्त्यात ती हवीच, त्यामुळे मी बसले आहे काढायला, आणि त्या बाईंकडून आणखी नमुने मागवले आहेत, एकाच मांडवातले, जमतील तेवढे.